तिसरा हीटर लावण्याआधी: मोठ्या शेडमधली उष्णता जाते कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शेड ६० मीटर लांब, ३० मीटर रुंद, १० मीटर उंच. छताला नुसता पत्रा, भिंती विटांच्या. ट्रसला, म्हणजे छत पेलणाऱ्या लोखंडी कैचीला, टांगलेले २०० किलोवॅटचे दोन हॉट एअर हीटर दिवसभर चालू असतात. बाहेर शून्य अंशाच्या आसपास असतं तेव्हा कामगार उभे असतात तिथे १२ अंश आणि पत्र्याखाली २४. पाय गारठतात, बोटं आखडतात. तिसरा हीटर लावावा का, आणि मुळात उष्णतेचं वहन-अभिसरण वगैरे अशा जागेत कसं चालतं?

तिसऱ्या हीटरचं उत्तर आधी देतो: आत्ता लावू नका. वीस-बावीस वर्षं मी कारखान्यांच्या शेड, गोदामं, दुरुस्तीचे डेपो, हँगर अशा मोठ्या जागांच्या हीटिंगचं काम करतोय. "हीटर कमी पडतो" म्हणून बोलावणं येतं, त्यातल्या बहुतेक ठिकाणी हीटर पुरेसा असतो. उष्णता तयार होत असते, फक्त माणसापर्यंत पोचत नसते. तुमच्या आकड्यांवरूनही मला तेच दिसतंय. पण हे नुसतं माझ्या शब्दावर मानू नका, हिशोब करूनच बघू.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा, कारण निम्म्या चुका त्यातूनच होतात. "उष्णता वर जाते" असं सगळेच म्हणतात. वर जाते ती गरम हवा. उष्णतेला दिशा एकच कळते, जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे. मग ते कमी तापमान वर असो, खाली असो की बाजूच्या भिंतीत. शेगडीवरचं पातेलं वर तापतं तसा शेगडीखालचा ओटाही तापतोच. हे दोन मुद्दे वेगळे धरले की पुढचं सगळं सोपं जातं.

उष्णता जाण्याचे तीन मार्ग शाळेत शिकलेले असतात: वहन, अभिसरण आणि प्रारण. पुस्तकात ते तीन वेगळ्या चित्रांत असतात. शेडमध्ये तिन्ही एकाच वेळी, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून चालू असतात.

वहन म्हणजे पदार्थाच्या आतून, कणाकडून कणाकडे. त्याचा नियम फूरिये यांनी १८२२ मध्ये मांडला आणि तो आजही जसाच्या तसा वापरतो: क्षेत्रफळ जास्त, तापमानातला फरक जास्त, जाडी कमी, की उष्णता जास्त जाते. शिवाय पदार्थाचा स्वतःचा गुण, म्हणजे उष्णतावाहकता. तांब्याची सुमारे ४००, साध्या पोलादाची ५० च्या आसपास, काँक्रीटची दीडच्या आसपास, लाकडाची ०.१५, रॉकवूल म्हणजे खनिज लोकरीची ०.०४ आणि स्थिर हवेची ०.०२५. एकक आहे वॅट प्रति मीटर प्रति अंश, पण इथे एककापेक्षा आकड्यांमधली दरी बघा. पोलाद आणि स्थिर हवा यांच्यात दोन हजार पटींचा फरक आहे.

एका मशिन शॉपमध्ये लेथवरच्या एका जुन्या कारागिराने पायाखाली लाकडी पॅलेट टाकलं होतं, त्यावर पुठ्ठ्याचे दोन थर. बाजूच्या लेथवरचा पोरगा नुसत्या काँक्रीटवर उभा होता आणि दर दहा मिनिटांनी पाय आपटत होता. दोघांच्या डोक्यावर हवा तीच, हीटर तोच. मी थर्मामीटर लावून बघितला, दोघांच्या कमरेच्या उंचीला अर्ध्या अंशाचाही फरक नव्हता. फरक फक्त बुटाच्या तळव्याखाली होता. एक पॅलेट आणि पुठ्ठा यांनी जे केलं ते त्या शॉपमधल्या महागड्या ब्लोअरला जमलं नव्हतं. तुमच्याकडे माणसं एका जागी उभी राहून काम करत असतील तर लाकडी किंवा जाड रबरी मॅट आजच टाका, बाकीचं नंतर वाचा.

आता तुमचा पत्रा. पोलादाचा अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा उष्णतेला किती अडवतो? जवळजवळ शून्य. त्याचा रोध, म्हणजे जाडी भागिले उष्णतावाहकता, काढला तर दशांशचिन्हानंतर चार शून्यं येतात. तरीही उघड्या पत्र्याच्या छतातून जाणाऱ्या उष्णतेला मर्यादा असते. ती पत्र्यामुळे नाही, पत्र्याच्या आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागाला चिकटून असलेल्या हवेच्या पातळ थरामुळे. आतल्या थराचा रोध साधारण ०.१० आणि बाहेरच्या थराचा ०.०४, मिळून ०.१४. त्याचा व्यस्त घेतला की ७ येतात. म्हणजे तापमानात एक अंशाचा फरक असला की पत्र्याच्या दर चौरस मीटरमधून सुमारे ७ वॅट जातात. याला आमच्याकडे यू व्हॅल्यू म्हणतात. यू व्हॅल्यू जितकी कमी तितकं चांगलं. पत्रा दुप्पट जाड केला तरी हा ७ हलत नाही, हे बऱ्याच मालकांना पटवून द्यावं लागतं.

अभिसरण म्हणजे हवा किंवा पाणी स्वतः हलून उष्णता वाहून नेतं ते. तुमचे हीटर पूर्णपणे यावरच चालतात. बर्नरने हवा तापवली, पंख्याने ढकलली. १८ अंशाच्या एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२१ किलो, ४० अंशाच्या हवेचं १.१३. हा ८० ग्रॅमचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण तोच सगळा घोटाळा करतो. हीटरच्या तोंडातून आडवा निघालेला झोत काही मीटर जातो, वेग संपतो आणि मग तो हलका असल्यामुळे सरळ छताकडे वळतो. तिथे थर साचतो. तुम्ही पैसे देऊन तापवलेली हवा पत्र्याला भेटायला जाते.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर सोपं आहे. मी क्रेनच्या हुकाला दोरी बांधतो, दोरीवर दर दोन मीटरला एक साधा थर्मामीटर, आणि हुक वर घेतो. अर्धा तास थांबायचं, मग हुक खाली घेऊन पटापट आकडे लिहायचे. थर्मामीटर आकडा बदलायला वेळ घेणारा असेल तर उलट बरं, खाली येईपर्यंत वरचा आकडा टिकतो. अशाच एका दहा मीटर उंच शेडमध्ये मला खालून वर ११, १४, १७, २०, २५, २७ असे आकडे मिळाले होते. तिथल्या सुपरवायझरने तो कागद बराच वेळ हातात धरला होता. दोन हिवाळे तो थर्मोस्टॅट वाढवत होता आणि दर वेळी वाढ वरच्या तीन आकड्यांत होत होती.

प्रारण हा तिसरा मार्ग, आणि मोठ्या जागांमध्ये सगळ्यात दुर्लक्षित. प्रत्येक पृष्ठभाग आपल्या तापमानानुसार ऊर्जा बाहेर टाकतो. मध्ये हवा लागत नाही, सूर्याची ऊब आपल्यापर्यंत येते ती अशीच. स्टेफान यांनी १८७९ मध्ये मोजमापांवरून नियम दिला आणि त्यांचेच विद्यार्थी बोल्ट्झमान यांनी १८८४ मध्ये तो सिद्धांतातून काढून दाखवला: बाहेर पडणारी ऊर्जा केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. चौथा घात म्हणजे काय ते बघा. ८० अंशाचं गरम पाण्याचं पॅनेल म्हणजे ३५३ केल्विन, ४०० अंशाची रेडियंट ट्यूब (प्रारणाने ऊब देणारी तापलेली नळी) म्हणजे ६७३ केल्विन. केल्विनमध्ये दुपटीपेक्षा कमी वाढ, पण दर चौरस मीटरला बाहेर पडणारी ऊर्जा तेरा पट.

आणि हे उलट दिशेनेही चालतं. शांत हवेत उभ्या माणसाच्या अंगातून जाणाऱ्या उष्णतेत प्रारणाचा वाटा अभिसरणाइतका, बऱ्याचदा त्याहून जास्त असतो. म्हणून हवा १८ अंश असली तरी समोर गार भिंत आणि डोक्यावर गार पत्रा असेल तर माणसाला हुडहुडी भरते. तुमचे कामगार "कुठून तरी वारा येतोय" म्हणत असतील आणि तुम्हाला फट सापडत नसेल, तर बहुतेक वेळा तो वारा नसतो. त्यांचं शरीर गार पत्र्याला उष्णता देत असतं. माणसाला जाणवणारं तापमान म्हणजे ढोबळमानाने हवेचं तापमान आणि आजूबाजूच्या पृष्ठभागांचं सरासरी तापमान यांचा मध्य. हवा १५ आणि पृष्ठभाग २१, तर वाटतं १८ सारखं. हवा १८ आणि पृष्ठभाग ८, तर वाटतं १३ सारखं. हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी बाकी निर्णय बरेचसे आपोआप बरोबर येतात.

आता तुमच्या शेडचा हिशोब. छत ६० गुणिले ३०, म्हणजे १८०० चौरस मीटर. भिंतींचा घेर १८० मीटर, उंची १०, म्हणजे त्याही १८०० चौरस मीटर. आकारमान १८,००० घनमीटर.

छतातून: १८०० गुणिले ७ गुणिले २४, कारण पत्र्याखाली २४ अंश आहेत आणि बाहेर शून्य. सुमारे ३०० किलोवॅट. भिंती: एक वीट जाडीच्या भिंतीची यू व्हॅल्यू २ च्या आसपास धरू, सरासरी तापमान १८, म्हणजे साधारण ६५ किलोवॅट. फटींतून दोन तासांत एकदा अख्खी हवा बदलते असं धरलं, तर ताशी ९,००० घनमीटर. एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला ०.३३ वॅट-तास लागतात, म्हणजे आणखी ५० ते ५५ किलोवॅट. बेरीज ४२० च्या जवळ जाते. तुमचे हीटर ४०० देतात, वर मशिन आणि दिवे यांची थोडी भर. हिशोब जुळतो. तुमचे हीटर नादुरुस्त नाहीत, इमानाने काम करतायत. फक्त चारातले तीन हिस्से उष्णता पत्र्यातून आकाशात जातेय.

तिसरा हीटर लावला तर ४०० चे ६०० होतील. सगळे फरक दीडपट होतील असं धरा: पत्र्याखाली ३६, कामगारांजवळ १८. कागदावर जमलं. प्रत्यक्षात झोत आणखी गरम म्हणजे आणखी हलका, थर आणखी पक्का, म्हणून खाली १५-१६ च मिळतील असं माझा अनुभव सांगतो. इंधन मात्र दीडपट, दर हिवाळ्याला.

याउलट तीच ४०० किलोवॅट उष्णता शेडभर सारखी पसरली असती तर? छत, भिंती, फटी मिळून तुमची शेड दर अंशाला साधारण १९ किलोवॅट गमावते. ४०० ला १९ ने भागा, सगळीकडे २१ अंश येतात. एकही नवा हीटर न लावता. पूर्ण मिसळण कधीच होत नाही आणि पंख्याने पत्र्याजवळची हवा हलली की तो चिकटलेला थर पातळ होऊन पत्र्यातून थोडी जास्तच उष्णता जाते, म्हणून मी १७ धरेन. तरी १२ चे १७ झाले. त्यासाठी लागतात छताजवळ टांगलेले, मोठ्या पात्यांचे, हळू फिरणारे पंखे. यांचा वेग इतकाच हवा की माणसाच्या अंगावर झुळूक जाणवू नये, सेकंदाला ०.२ ते ०.३ मीटरपेक्षा जास्त नाही. यात घाई करून लोक छोटे, वेगवान पंखे लावतात. मग कामगार थंड वारा लागतो म्हणून ते बंद करतात, आणि "पंख्यांनी काही होत नाही" असा निकाल लागतो. पंखे बसवल्यावर कागदाची पातळ पट्टी काठीला लावून प्रत्येक माणसाच्या जागेवर जाऊन धरून बघा. पट्टी किंचित हलली तर ठीक, फडफडली तर वेग कमी करा किंवा पंखा सरकवा.

खरं काम मात्र छताचं आहे. पत्र्याखाली १०० मिलिमीटर रॉकवूल किंवा ग्लासवूल घातलं की निव्वळ गणिताने यू व्हॅल्यू ७ वरून ०.३८ वर येते. पर्लिन (पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पट्ट्या) आणि स्क्रू यांच्यातून उष्णतेला चोरवाटा मिळतात, म्हणून मी ०.५ धरतो. मग छतातून जातील १८०० गुणिले ०.५ गुणिले १८, म्हणजे १६ किलोवॅट. तीनशेचे सोळा. अख्ख्या शेडची गरज, १८ अंश सर्वत्र धरून, १३०-१४० किलोवॅटवर येते. दारांची उघडझाप आणि थोडी ऐसपैस जागा ठेवली तरी रोजच्या चालीला एकच हीटर पुरेल. दुसरा सकाळी शेड तापवायला आणि कडाक्याच्या दिवसांसाठी राहील. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं, तिसरा लावू नका.

इन्सुलेशनच्या कामात चार गोष्टींवर मी स्वतः उभा राहून लक्ष देतो. लोकर दाबली जाता कामा नये. रोध आहे तो धाग्यांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेचा, आणि पर्लिनवर ताणून दाबलेली १०० ची गादी तिथे ३० ची उरते. दुसरं, बाष्परोधक फॉइल गरम बाजूला, म्हणजे आतल्या तोंडाला हवी आणि तिचे जोड टेपने बंद हवेत. नाहीतर आतली दमट हवा लोकरीतून गार पत्र्यापर्यंत जाते, तिथे पाणी होतं, लोकर भिजते. भिजलेल्या लोकरीत हवेच्या जागी पाणी बसतं आणि पाण्याची वाहकता हवेच्या वीसपटीहून जास्त असते. तिसरं, आगीचा विचार. वेल्डिंग, ग्राइंडिंग होत असेल तिथे स्वस्त पडतो म्हणून फोम लावू नका, खनिज लोकर जळत नाही. चौथं फार कमी लोक सांगतात: तुमच्याकडे बर्फ पडत असेल तर आजवर तो गरम पत्र्यावर वितळून जात होता. इन्सुलेशननंतर तो छतावर साचून राहील. ट्रस तेवढा भार घेऊ शकतो का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आधी तपासून घ्या. हे टाळून काम पुढे रेटू नका.

गेटबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण मी विचारणारच. ४ मीटर रुंद, ५ मीटर उंच गेट सताड उघडं, आत १८, बाहेर शून्य, वारा अजिबात नाही असं समजा. गार हवा खालून आत घुसते, गरम हवा वरच्या अर्ध्यातून बाहेर जाते, सेकंदाला सुमारे ७ घनमीटर. म्हणजे दीडशे किलोवॅट, इन्सुलेशननंतरच्या अख्ख्या शेडइतके, एका गेटमधून. पाऊण तासात शेडमधल्या हवेइतकी हवा बाहेर गेलेली असते. छताच्या कण्यावरचे व्हेंटिलेटरही उघडे असतील तर शेडचं चक्क धुराडं होतं आणि हा आकडा आणखी वाढतो. व्हेंटिलेटरला हिवाळ्यात बंद करता येणारी झडप हवीच. ट्रकची ये-जा सारखी असेल तर झटपट उघडणारं शटर, नाहीतर निदान पीव्हीसी पट्ट्यांचा पडदा. एअर कर्टन, म्हणजे गेटवर हवेच्या झोताचा पडदा, चांगला, पण तो गेटच्या पूर्ण उंचीला पुरणारा हवा. अर्ध्यात दम सोडणारा एअर कर्टन हवेची मिसळण उलट वाढवतो.

एक्झॉस्ट फॅनही मोजा. ताशी १०,००० घनमीटर हवा बाहेर फेकणारा पंखा तितकीच गार हवा फटींतून आत ओढतो, म्हणजे जवळजवळ ६० किलोवॅट. वेल्डिंगचा धूर काढायलाच हवा, माणसाच्या फुफ्फुसांपुढे इंधनाचा प्रश्न नाही. पण धूर जिथे होतो तिथेच हूड लावून ओढला तर खूप कमी हवेत काम भागतं. आणि तुमच्याकडे एअर कॉम्प्रेसर असेल तर त्याच्या गरम हवेचं डक्ट हिवाळ्यात आत वळवा, उन्हाळ्यात बाहेर. कॉम्प्रेसर जेवढी वीज खातो, तिचा फार मोठा भाग उष्णता म्हणूनच बाहेर पडतो.

आता हीटिंगच्या पद्धतीबद्दल, कारण प्रश्नाचा हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शेड तापवायची म्हणजे हवा तापवायची असं आपण धरून चालतो. तुमच्या शेडमधली सगळी हवा २१-२२ टन भरते. ती ३ अंशांवरून १८ वर न्यायला, काहीच गळती नाही असं धरलं तर, फक्त ९० युनिट ऊर्जा लागते. जमिनीची २० सेंटिमीटरची काँक्रीटची लादी मात्र ८६० टनांच्या वर आहे. तिला तेवढंच तापवायला ३,१०० युनिटांहून जास्त लागतात, म्हणजे हवेच्या पस्तीस पट. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी सकाळी हवेचा थर्मामीटर तासाभरात १८ दाखवतो आणि तरी सगळे कुडकुडत असतात, त्याचं कारण हेच. हवा तापली, पण लादी, भिंती, मशिन, टेबलावरचं पोलाद अजून रात्रीतच आहे. म्हणून रोज वापरात असलेल्या जड शेडमध्ये रात्री हीटर पूर्ण बंद करू नका, काही अंश खाली आणून ठेवा.

रेडियंट ट्यूब किंवा पॅनेल इथे वेगळ्या बाजूने काम करतात. त्यांची उष्णता हवेला जवळजवळ न तापवता थेट माणसाच्या कपड्यांवर, लादीवर, मशिनवर पडते, आणि मग ते पृष्ठभाग आजूबाजूची हवा तापवतात. हवा ३ अंशांनी कमी ठेवूनही तीच ऊब मिळते. गळती हवेच्या तापमानावर ठरते, त्यामुळे गेट वारंवार उघडणाऱ्या किंवा खूप उंच जागेत हाच मार्ग बरा. शिवाय ६० मीटरच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात सहा माणसं काम करत असतील तर फक्त तोच कोपरा उबदार करता येतो, जे हॉट एअरने कधीच जमत नाही. ट्यूबच्या मागचा परावर्तक चकचकीत ॲल्युमिनियमचा असतो, कारण चकचकीत ॲल्युमिनियम स्वतः फारच कमी प्रारण सोडतं आणि आलेलं परत पाठवतं. त्यावर धूळ-तेलाचा थर बसला की तो साध्या रंगवलेल्या पत्र्यासारखा वागायला लागतो, म्हणून तो पुसणं हा देखभालीचा भाग आहे. उन्हाळ्यात रंगकाम करताना कुणी परावर्तकावरही रंग मारला, अशी उदाहरणं मी बघितली आहेत. रंग पांढरा असला तरी अवरक्त किरणांना तो काळ्यासारखाच असतो.

रेडियंटच्या मर्यादा तितक्याच ठामपणे सांगतो. माणूस आणि ट्यूब यांच्यात क्रेन, रॅक, मोठं मशिन आलं की सावली पडते आणि सावलीत थंडी. फार खाली टांगली की डोकं तापतं, पाय गारच. फार उंच टांगली की मारा विरळ होतो. टांगायची उंची आणि जळाऊ मालापासूनचं अंतर उत्पादकाने दिलेलंच पाळायचं, अंदाजाने नाही. सॉल्व्हंट, रंगाची वाफ, लाकडाचा भुसा हवेत असेल तिथे उघड्या ज्योतीचा किंवा तापलेल्या पृष्ठभागाचा हीटर लावायचाच नाही. तिथे गरम पाण्याची पॅनेल.

लादीत गरम पाण्याचे पाइप हा नव्या इमारतीसाठी मला मनापासून आवडणारा पर्याय आहे. हँगरचं दार उघडून विमान आत घेतलं तर सगळी हवा बदलते, पण लादीत साठलेली उष्णता दार बंद झाल्यावर काही वेळातच जागा सावरते. माणसं उभी राहतात तिथे लादीचा पृष्ठभाग २९ अंशांपेक्षा जास्त तापवत नाहीत, म्हणजे दर चौरस मीटरला फार तर ११० वॅट. तुमच्या १८०० चौरस मीटरला ते सुमारे २०० किलोवॅट होतात. इन्सुलेशन केलेल्या शेडला पुरून उरतील, आजच्या उघड्या पत्र्याला अर्धेही पुरणार नाहीत. तयार लादी फोडून, मशिनच्या फाउंडेशनमधून पाइप घालणं मात्र परवडत नाही आणि मी सुचवतही नाही.

एक इशारा, जो मी प्रत्येक कामात देतो. धुराडं नसलेले गॅस हीटर मोठ्या शेडमध्ये सर्रास वापरले जातात. एक घनमीटर नैसर्गिक वायू जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात हवेत जातं. उघड्या पत्र्याखाली सकाळी जे थेंब पडतात आणि तयार मालावर गंज येतो, त्यातलं बरंचसं पाणी इथूनच येतं. त्याहून गंभीर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. फटी बुजवायला सांगितल्यावर लोक मन लावून सगळ्या बुजवतात, आणि बर्नरला लागणारी हवाही त्याच फटींतून येत होती हे विसरतात. तुमच्या हीटरचा धूर बाहेर जातो का, ज्वलनाची हवा बाहेरून पाइपने येते का, हे फटी बुजवण्याआधी तपासा. डोकेदुखी, मळमळ अशी तक्रार एकाच वेळी दोन-तीन माणसांनी केली तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, हीटर बंद करा, कारण नंतर शोधा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणं यात टाळाटाळ नको.

थर्मोस्टॅट कुठे आहे तेही बघा. गेटजवळच्या बाहेरच्या भिंतीवर असेल तर तो त्या भिंतीचं तापमान सांगतोय, हीटरच्या झोतात असेल तर झोताचं. तो माणसांच्या जागेजवळ, छातीच्या उंचीला, आतल्या खांबावर हवा, आणि खांब आणि त्याच्यामध्ये लाकडाची फळी, नाहीतर तो खांबाचंच तापमान मोजतो. रेडियंट लावलंत तर साधा हवेचा थर्मोस्टॅट फसतो. त्याला काळ्या गोळ्यातला सेन्सर लागतो, जो हवा आणि प्रारण दोन्ही मिळून मोजतो.

तुमच्या जागी मी असतो तर या आठवड्यात मॅट टाकल्या असत्या, व्हेंटिलेटरच्या झडपा बघितल्या असत्या आणि क्रेनच्या हुकावरून दोरी सोडून दोन वेळा आकडे घेतले असते, एकदा सकाळी सात वाजता आणि एकदा दुपारी, गेट बंद असताना. मग पंखे. छताचं काम थंडी संपल्यावर, कारण शेड चालू असताना वर लोकर बसवणं माणसांना आणि मालाला दोन्हींना त्रासाचं असतं. ते झाल्यावर परत तीच दोरी, तेच थर्मामीटर, तशाच थंड दिवशी. खालच्या आणि वरच्या आकड्यात तीन-चार अंशांपेक्षा जास्त फरक उरला नसेल तर दुसरा हीटर बंद करून बघा, आणि किती वेळाने पहिल्याला दम लागतो ते लिहून ठेवा.